गव्हाच्या कोठीतली होडी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शैलाकाकू निकम यांना कोणी "अमुक आहे माझ्याकडे" असं सांगितलं, की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे. "आहे म्हणजे कुठे आहे?" छत्री आहे म्हणावं, तर ती दारामागे टांगलेली आहे की कुठल्या तरी दवाखान्यात विसरलेली आहे, हे कळेपर्यंत काकूंच्या लेखी तुमच्याकडे छत्री नसे. सातपूरच्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत त्यांनी स्टोअर सांभाळलं होतं. रॅकवर हात लावून दाखवता येईल तेवढाच माल खरा, बाकी सगळ्या गप्पा, ही समजूत त्या नोकरीतून आली होती आणि निवृत्तीच्या दिवशी ती त्यांनी हारतुऱ्यांबरोबर घरी आणली. कारखान्याचा निळा कोटही आणला. तो घालून त्या पोळ्या लाटत. पोळ्या लाटताना त्यांच्या वरच्या खिशात जाड काळा मार्कर असे, कारण स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असलंच पाहिजे, आणि आतला माल बदलला की वरचं लिहिणंही तिथल्या तिथे बदललं पाहिजे.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. आज लासलगाव, उद्या पिंपळगाव, परवा येवला, असं माझं चालतं. 'आहे' म्हणावं असं माझ्या घरात फारसं काही नाही. गाणी महिन्याच्या वर्गणीवर, सिनेमे वर्गणीवर, पाणी शुद्ध करायचं यंत्रसुद्धा भाड्याचं. काकू एकदा आमच्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या, चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मिलिंद, या घरात बायको सोडून तुझं असं काय आहे रे?"

माझी बायको मधुरा स्वयंपाकघरातून म्हणाली, "काकू, त्या बाबतीत मलाही विचारून घ्या एकदा." त्या दिवसापासून त्या दोघींचं फार जमलं.

अशा बाईला कॉम्प्युटर गेमचं वेड असेल, हे सोसायटीत नव्याने आलेल्या कोणालाही खरं वाटत नसे. मुलगा अमित जर्मनीला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला. काकूंनी तो आधी धूळ बसू नये म्हणून चालू करायला सुरुवात केली, मग पत्त्यांसाठी, मग एका बागेच्या गेमसाठी. त्या गेममध्ये वाफे करायचे, रोपं लावायची, पाणी घालायचं. काकूंनी त्यात अशी बाग फुलवली होती, की खालच्या मजल्यावरच्या बायका संध्याकाळी ती बघायला येत. आणि एका सकाळी काकू निळ्या कोटात आमच्या दारात उभ्या.

"माझी बाग बंद केली म्हणे."

मी जाऊन बघितलं. पडद्यावर मोठ्या सौजन्याने लिहिलेलं होतं, की कंपनीने ही सेवा थांबवली आहे आणि इतके दिवस खेळल्याबद्दल आभार. मी काकूंना समजावलं, की आपण गेम विकत घेतो म्हणजे खरं तर खेळायची परवानगी घेतो. प्रत्येक वेळी सुरू होताना गेम कंपनीला विचारतो, यांना आत सोडू का. कंपनीने हो म्हटलं की दार उघडतं.

"म्हणजे स्वतःच्या मालाला, स्वतःच्या घरात, गेटपास?"

"तसंच म्हणा."

"आणि गेटपासवर सही करणारा उठून निघून गेला?"

"हो."

"मग मी विकत काय घेतलं होतं?"

मी त्यांना चहाला बोलावलं.

काकूंनी मात्र तो प्रश्न सोडला नाही. आठवडाभर जर्मनीला फोन झाले, दुपारची झोप बंद झाली, आणि शेवटी त्यांनी शोधून काढलं, की गेमची अशीही दुकानं असतात जिथे पैसे भरले की गेमचा अख्खा सेटअप तुमच्या हाती पडतो. तो डाऊनलोड करून ठेवा, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, नेट नसलेल्या मशीनवर टाका, कोणी काही विचारत नाही. दुकान उद्या बुडालं तरी तुमचा गेम तुमच्या घरात. त्या दुकानाचाही एक लाँचर असतो, म्हणजे गेम सांभाळणारं आणि नेटवर इतरांशी जोडून देणारं सॉफ्टवेअर, पण तो घ्यायचा की नाही हे तुमच्यावर असतं. काकू लाँचरला वॉचमन म्हणत. "ठेवला तर ठेवला, नाही तर नाही, असा वॉचमन मला चालतो," त्या म्हणाल्या. "मालकालाच गेटवर उभं करणारा नाही चालत." मग त्यांनी अमितला त्या दुकानातून पुन्हा एक बाग घ्यायला लावली, तिचा सेटअप हार्ड डिस्कवर उतरवला, डिस्क हातात घेऊन जरा वर-खाली करून वजन बघितलं आणि मला म्हणाल्या, "आता आहे."

पुढे या प्रकाराला काकूंच्या घरी रीतच पडून गेली. एप्रिल-मे आला की आमच्या गच्चीवर सगळ्यांची वाळवणं पडतात. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, मिरच्या. काकूंची वरची पाळी सकाळी असे आणि खालची दुपारी. वर्षभरात घेतलेल्या गेमचे नवे सेटअप दुपारी उतरवायचे, डिस्कवर भरायचे, आणि मग आधीपासूनच्या प्रत्येक गेमला ऊन दाखवायचं. धान्याला दाखवतात तसंच. म्हणजे नेटची वायर काढायची, गेम नव्याने टाकायचा, उघडायचा, घटकाभर खेळायचा, काही कुजलं नाही ना ते बघायचं आणि बंद करून ठेवायचा. वायर काढायचा मान काकांचा. निकमकाका मूळचे सायखेड्याचे, पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आयुष्य घालवलेले, बोलायला अगदी कमी. ते टेबलाखाली वाकत, वायर उपसत आणि वर येऊन जाहीर करत, "काढली बरं का." त्याशिवाय काकू माऊसला हात लावत नसत.

एकदा मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. म्हटलं, काकू, एवढं कुलूपबिलूप काही नाही, तर तो रेल्वेचा गेम मला द्या की कॉपी करून.

काकूंनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. "कैरीचं लोणचं हवंय? बरणीभर देते. ते मी घातलंय. हा गेम मी केलाय का?"

"पण तुमचाच आहे ना आता?"

"माझा आहे म्हणजे माझ्या घरात आहे. ज्या पोरांनी रात्रंदिवस बसून केला त्यांच्या पोटाचं काय? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून कुलूप घातलं नाही, म्हणून मी काय भिंतीला भगदाड पाडू?" मग त्यांचा सूर एकदम बदलला. "खेळायचंय ना तुला? मग इथे ये. खुर्ची आहे, चहा आहे, गेम आहे. तिन्ही कुठे आहेत ते तुला दिसतंय."

त्यांच्या या एका नियमापायी त्यांचा हॉल सगळ्या सोसायटीचा झाला. कॉपी मिळत नाही म्हटल्यावर माणसं घरी येऊ लागली. सेक्रेटरी देशमुख रेल्वे चालवायला येत आणि गाडी वेळेवर पोचली की स्वतःशीच शिट्टी वाजवत. मधुरा कोडी सोडवायला जाई ती पोळ्यांचं भान विसरून बसे. मी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत चहा पीत बघत असे, कारण खेळणाऱ्यांची फजिती बघण्यात जी मजा आहे ती मला खेळण्यात कधी आली नाही. आणि फजिती बघायची तर काकूंचीच. इतकी हौस असलेली आणि इतकी वाईट खेळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. गाडी असली की झाडावर, विमान असलं की समुद्रात, घोडा असला की तो एकटाच पुढे. हरल्या की खळखळून हसत आणि म्हणत, "हाताला वळण नाही बाई, काय करू."

या सगळ्या गेममध्ये एक गेम मात्र पाहुण्यांना मिळत नसे. तो होडीचा. समुद्रातली लहान लहान बेटं, दोघांची एक होडी, आणि एका बेटावरची पत्रं नि सामान दुसऱ्या बेटावर पोचवायचं. एकाच कीबोर्डवर दोघांनी बसायचं, एकाने वल्ही मारायची, दुसऱ्याने सुकाणू धरायचं. तो होता काकूंचा आणि त्यांच्या नातीचा, इराचा. जर्मनीत तिच्या शाळेला मे सरता सरता पंधरवड्याची सुट्टी असे, तेव्हा ती आईबरोबर नाशिकला यायची. इरा सात वर्षांची असताना आजीनातीने तो गेम सुरू केला आणि दर वर्षी त्या पंधरवड्यात तो थोडा थोडा पुढे सरकत राहिला. होडीचं नाव त्यांनी 'सायखेडा एक्स्प्रेस' ठेवलं होतं. वल्ही इराकडे आणि सुकाणू काकूंकडे, त्यामुळे प्रवास बहुतेक करून खडकांवरूनच झाला. "आजी, डावीकडे," असं इरा ओरडायची, होडी उजवीकडे जाऊन आदळायची, पत्रं पाण्यात पडायची, मग दोघी ती गोळा करत हिंडायच्या. दुसरं कोणी असतं तर तो गेम दोन सुट्ट्यांत संपवलाही असता.

रोज खेळून झालं की काकू एक गोष्ट न चुकता करत. तिथवरच्या खेळाची जी सेव्ह फाइल असते, ती वेगळी काढून डिस्कवर ठेवत. त्याला त्या विरजण म्हणत. दही संपवायच्या आधी चमचाभर बाजूला काढतात, म्हणजे उद्याचं लागतं, तेच हे. इराला लहानपणापासून हा शब्द असाच ठाऊक. उठताना तीच विचारायची, "आजी, विरजण काढलं?"

मागच्याच्या मागच्या वर्षी अमितही आला होता. तो मोठ्या हौसेने म्हणाला, आई, तुम्ही वर्षातून एकदाच खेळता, मी हाच गेम माझ्या खात्यावर दुसऱ्या दुकानातून घेतो, म्हणजे इरा तिकडून आणि तू इकडून कधीही खेळाल. त्या दुकानाचा वॉचमन मात्र सक्तीचा होता. निघायच्या दिवशी त्याने सगळं नवीन बसवून दिलं आणि मशीन भरलंय म्हणून जुना होडीचा गेम काढून टाकला.

"आणि आमचा खेळ?" काकूंनी विचारलं.

"तो वर राहील, आई."

"वर म्हणजे कुठे?"

अमितने छताकडे बघितलं आणि हसला. मुलगा मायेने करतोय म्हणून काकूंनी त्याला अडवलं नाही, पण तो हात धुवायला उठल्यावर त्यांनी गुपचूप विरजण तेवढं काढून घेतलं. वर्षभरात तिकडून इकडून कोणी खेळलंच नाही. इरा म्हणे फोनवर म्हणाली, खुर्चीत शेजारी आजी नसेल तर होडी खडकाला कोण लावणार.

गेल्या वर्षी मेमध्ये गच्चीवर कुरडया उलथताना काकू मला म्हणाल्या, "सगळ्या गेमना ऊन दाखवून झालं. होडी तेवढी इरा आल्यावर." थोड्या वेळाने, कुरडयांकडेच बघत, "पंधराची झाली रे ती. एकच बेट राहिलंय. शेवटचं, दीपगृहाचं. यंदा झालं पाहिजे. पुढच्या वर्षी येईलही ती, पण या खुर्चीत बसेल का, कोणी सांगावं." काकूंना मनातलं एवढं सरळ बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे दिसू नये म्हणून मी एक ओली कुरडई तोंडात टाकली.

इरा आली ती आजीपेक्षा उंच होऊन. कानात सतत काहीतरी, बोलणं कमी, उत्तरं एका शब्दाची. पहिला आठवडा मामाच्या गावी गेला, मग त्र्यंबकला जाणं झालं, मग पाहुणे. काकू होडीचा विषय काढेनात. मधुराने विचारलं तर म्हणाल्या, "तिने काढू दे." रविवारचं विमान होतं. शुक्रवारी सकाळी मी लासलगावला निघायला बूट घालत होतो, तर समोरच्या दारातून इराचा आवाज आला. "आजी, होडी काढूया ना?"

काकू धावत बाहेर आल्या. "मिलिंद, फोनचं नेट दे जरा. आमचं गेलंय."

ते सगळ्यांचंच गेलं होतं. कुंभमेळ्याच्या कामांसाठी आमच्या भागातले रस्ते खणून ठेवले होते आणि जेसीबी दर दोन-चार दिवसांनी एखादी केबल उचलून वर काढत असे. मी माझ्या फोनवरून नेट जोडून दिलं. लाँचर उघडला. त्याने खात्याचा पासवर्ड मागितला, अमितला जर्मनीत झोपेतून उठवून तो घेतला, टाकला. लाँचरने क्षणभर विचार केला आणि कळवलं, की अनोळखी ठिकाणाहून कोणीतरी या खात्यात शिरू बघतंय, म्हणून सुरक्षेसाठी खातं तूर्त बंद करण्यात येत आहे. चौकशी करून काही दिवसांत कळवू.

"कोण शिरतंय?" काकूंनी विचारलं.

"तुम्हीच, काकू."

काकू पडद्याकडे बघत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो बाग बंद झाली तेव्हाही नव्हता. इरा म्हणाली, "जाऊ दे आजी, आपण दुसरं काहीतरी खेळू." ती समजूत काढत होती हे काकूंना कळलं आणि बहुधा तेच त्यांना जास्त लागलं. त्या ताडकन उठल्या. "जाऊ दे कसं? सेटअप माझ्याकडे आहे. विरजणही आहे."

इराने कानातलं काढलं. "आजी, आहे म्हणजे कुठे आहे?"

"गव्हात."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. कोरडी जागा, अंधारी, कोणाचा हात लागत नाही, असा विचार करून काकू ती डिस्क कापडात बांधून गव्हाच्या कोठीत ठेवत असत. कोठीचं झाकण निघालं. काकूंचा हात कोपरापर्यंत गव्हात गेला, मग इराचा गेला, मग माझा. कडुनिंबाच्या पाल्याच्या पुरचुंड्या हाताला लागत होत्या, डिस्क लागत नव्हती. तेवढ्यात काका आंघोळ करून आले आणि आम्हा तिघांना गव्हात हात घातलेलं बघून दारातच थांबले.

"अहो, यातलं काही काढलंत का?"

"गहू काढला. सकाळी डबा दळणाला टाकून आलो."

"आणि कापडात बांधलेलं काही?"

"हां, एक पुरचुंडी आली व्हती वर. लिंबाच्या पाल्याची. जड लागली जरा, पर मला वाटलं पाला लय भरलाय. ऱ्हाऊ दिली डब्यात. गिरणीवाला काढतोच."

काकूंनी निळ्या कोटासकट पायात चपला घातल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी लासलगाव मनातल्या मनात रद्द केलं आणि स्कूटर काढली. खणलेल्या रस्त्याच्या कडेकडेने, मागे काकू, हातात माझ्या शर्टाची पाठ घट्ट धरलेली. प्रत्येक खड्ड्याला त्या म्हणत, "हळू नको रे, हळू नको." मागून काका आणि इरा जवळजवळ पळत येत होते.

गिरणीत चक्की चालू होती आणि बाळूभाऊ पिठाने भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. काकूंनी विचारलं, आमच्या डब्यात एक पुरचुंडी होती ती कुठे आहे. बाळूभाऊंनी चक्कीच्या आवाजावरून ओरडून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला एक दोरी होती आणि दोरीला सगळ्या कॉलनीच्या पुरचुंड्या लटकवलेल्या होत्या.

"लोक इसरत्यात, मी टांगून ठिवतो. कोनची कुनाची मला काय ठावं? घ्या वळखून."

मी पहिली सोडली, त्यातून सुका पाला माझ्या नाकात गेला. दुसरी सोडली, पुन्हा पाला. तिसऱ्या शिंकेला काकूंनी मला हाताने बाजूला सारलं. त्यांनी एकेका पुरचुंडीच्या गाठीवरून बोट फिरवलं आणि आमसुली रंगाच्या ब्लाउजपीसची एक पुरचुंडी दोरीवरून उतरवून हातावर जरा वर-खाली केली. "ही," त्या म्हणाल्या. बाळूभाऊंनी चक्की बंद केली. अचानक आलेल्या शांततेत त्यांनी विचारलं, "सोनं हाय का काय त्यात?"

"होडी आहे," इरा म्हणाली. ती नुकतीच धापा टाकत पोचली होती.

घरी आल्यावर काकांनी टेबलाखाली वाकून वायर उपसली. माझ्या फोनचं नेटही बंद करायला लावलं, उगाच शंका नको. "काढली बरं का." डिस्कवरचं पीठ काकूंनी पदराने पुसलं. सेटअप चालला. त्याने पासवर्ड मागितला नाही, कोण आहात विचारलं नाही. काकूंनी विरजण जागेवर ठेवलं, गेम उघडला, आणि पडद्यावर 'सायखेडा एक्स्प्रेस' जिथे सोडली होती तिथेच, धक्क्याला लागून डुलत उभी होती. दोघींनी एकदमच टाळी वाजवली. काका म्हणाले, "ही का ती होडी," आणि खुर्ची ओढून बसले. मला इतका आनंद झाला, की मी मधुराला ऑफिसमध्ये फोन करून सांगितलं आणि तिनेही कामं बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. इराच्या कानात पुन्हा काही दिसलं नाही. "डावीकडे, आजी," आणि होडी उजवीकडे. पत्रं पाण्यात. हसणं आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं. शनिवारी संध्याकाळी मी चहाला गेलो तेव्हा होडी शेवटच्या बेटाजवळ आली होती. दीपगृह दिसत होतं. एक शेवटचं पत्र पोचवायचं आणि दिवा लावायचा, एवढंच राहिलं होतं. काकूंनी सुकाणू सावरलं, पदराने कपाळ पुसलं.

आणि इराने वल्ही थांबवली.

"काय झालं गं?"

"आजी, इथेच थांबूया."

"अगं, समोर तर आहे."

"हो ना. म्हणूनच." ती पडद्याकडेच बघत होती. "हे विरजण राहू दे. पुढच्या वर्षी लावू."

काकूंनी सुकाणूवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "नीट विचार कर. पुढच्या मेमध्ये तू सोळाची असशील."

"आणि तू सदुसष्टची. तुला दुसरीकडे कुठे जायचंय का?"

काकूंनी विरजण काढलं. मी चहाचा कप धुवायला म्हणून आत गेलो आणि बराच वेळ धूत बसलो.

इरा गेल्यावर काकूंनी स्वतःहून आपल्या दुकानाचा तो लाँचर बसवून घेतला. मला आश्चर्य वाटलं. "तिला म्हणे अधनंमधनं माझ्याशी रेल्वे खेळायचीय नेटवर, त्याला हा लागतो," त्या म्हणाल्या. "गेटवर बसू दे. आतल्या मालाला हात लावायचा नाही." होडी मात्र त्यांनी नेटवर नेली नाही. ती वायर काढून खेळायची, शेजारी बसून, हे त्या दोघींचं ठरलेलं होतं. डिस्क पुन्हा गव्हात गेली. या खेपेला पुरचुंडीवर काळ्या मार्करने मोठं लिहिलं होतं: पाला नव्हे.

दिवाळीनंतर काकाकाकू सायखेड्याला राहायला गेले. काकांनी गोदेच्या काठापासून जवळच लहानसं घर बांधलं होतं. टेम्पोत सगळं चढलं, कोठी मात्र काकूंनी ताडपत्रीखाली जाऊ दिली नाही. ती उभी करून, दोरीने बांधून, स्वतः तपासली. समोरच्या दाराला आता कुलूप आहे. सेक्रेटरी देशमुख संध्याकाळी जिन्यात उगाच रेंगाळतात. आम्हाला काकूंची सवय किती लागली होती ते त्यांच्या जाण्याने कळलं, दुसरं काय.

या मेमध्ये निफाडकडून परत येताना मी गाडी सायखेड्याकडे वळवली. अंगणात कोणी नव्हतं. गच्चीवर काका कुरडयांना राखण बसले होते. मला बघून त्यांनी काठीने खाली खूण केली. "आत हाय. नात पन्हं करती. जा."

दार उघडंच होतं. मी उंबऱ्यातच थांबलो. काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या, निळ्या कोटात, एकट्याच. इराची खुर्ची रिकामी होती आणि काकूंचे दोन्ही हात कीबोर्डवर होते. एका हाताने वल्ही, एका हाताने सुकाणू. 'सायखेडा एक्स्प्रेस' दोन खडकांच्या मधल्या फटीतून सुळ्ळकन निघाली, लाटेवर वळली, आणखी एक खडक केसभर अंतराने टाळून दीपगृहाच्या पायऱ्यांपाशी येऊन अलगद थांबली. कुठे धक्का नाही, एक पत्र ओलं नाही. काकू न लावलेल्या दिव्याकडे बघत नुसत्या बसल्या होत्या.

स्वयंपाकघरात पेल्यांचा आवाज झाला. काकूंनी झटकन होडी वळवली, दूर नेली आणि दिसेल त्या पहिल्या खडकावर घातली.

"आजी, परत?" इरा दोन पेले घेऊन आली होती.

"काय करू बाई, हाताला वळण नाही."

इराने पेले टेबलावर ठेवले. पडद्यावर पाण्यात होडीमागे उमटलेली पांढरी रेघ अजून मिटली नव्हती आणि ती थेट दीपगृहापासून आलेली होती. इराने ती रेघ बघितली, मग आजीच्या डोक्यावरून उंबऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. तिने हळूच ओठांवर बोट ठेवलं.

मग ती आजीशेजारच्या खुर्चीत बसली, वल्ह्यांवर हात ठेवले आणि वर हाक मारली, "आजोबा, वायर काढायला या."